मॅडमक्का आणि तुरीच्या ओळी

मागायला गेल्यावर कांबळे मॅडम कधी उभ्या राहिल्या नाहीत. दुकानात खुर्ची नसेल तर त्या खताच्या पोत्यावर बसत. पोतंही नसेल तर दुकानदाराला सांगत, "अण्णा, आधी बसायला काय तरी द्या, मग बोलते." तो गडबडून आतून स्टूल काढून द्यायचा. मॅडम पदर सावरून बसत, पर्स मांडीवर घेत, पीकपाण्याची चौकशी करत आणि मग मागत. एवढं बसण्याचं काय घेऊन बसलात, असं मी एकदा विचारलं होतं. "उभ्यानं मागितलं की भीक होती, सर," त्या म्हणाल्या. "बसून मागितलं की व्यवहार होतो."

त्यांचे वडील निर्णा गावचे. गावात दर वर्षी जयंतीची वर्गणी तेच गोळा करायचे. लोक द्यायचेही, पण पायरीवर. आत या असं कोणी म्हणायचं नाही आणि वडीलही वर चढायचे नाहीत. लहानपणी मॅडम त्यांचं बोट धरून त्या पायऱ्यांशी उभ्या राहिल्या होत्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, गाडीत, खिडकीबाहेर बघत, पुढचं गाव कोणतं असं विचारावं तशा सुरात. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

आमचं कॉलेज औराद तालुक्यातलं. कर्नाटकाच्या या टोकाला मुलं घरात मराठी बोलतात, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि पेपर इंग्रजीत लिहून नापास होतात. मॅडम तिथे जीवशास्त्र शिकवत, मी इतिहास. ठेंगणा बांधा, सुती साडी आणि साडीखाली खेळाडू घालतात तसले बूट, कारण वर्गातून उठून कधी वावरात जावं लागेल याचा नेम नसे. मुलं त्यांना मॅडमक्का म्हणत. पहिल्यांदा कोणीतरी घाबरून मॅडम आणि अक्का एका दमात म्हणून गेलं असणार, ते तसंच राहिलं. मला त्या सर म्हणत. गाडी हवी असली की 'इतिहासवाले' म्हणत. माझ्याकडे जुनी का होईना गाडी होती आणि दुपारनंतर तास नसत, एवढीच त्यांच्या कामातली माझी पात्रता.

ते काम म्हणजे देणगीदार शोधायचे. आमच्याकडे तुरीला मर लागते. झाड चांगलं फुलावर येतं आणि उभ्या उभ्या वाळतं. मॅडमनी पाच विद्यार्थ्यांचा एक गट केला होता. मर लागलेल्या वावरातही एखादं झाड हिरवंगार राहतं, त्याच्या मुळाजवळच्या मातीत कधी कधी एक हिरवी बुरशी सापडते आणि ती मर आणणाऱ्या बुरशीला दाबते, असं पुस्तकात होतं. आपल्या मातीतून ती वेगळी काढायची, वाढवायची, पेरणीत शेणखतातून घालायची आणि इथल्या तुरीला तिचा खरंच उपयोग होतो का ते बघायचं, असा बेत होता. निकाल घेऊन बेंगळूरला विद्यार्थ्यांच्या संशोधन स्पर्धेला जायचं. कॉलेजकडे या कामासाठी आशीर्वाद सोडून काही नव्हतं. गावाने त्या मुलांचं 'बुरशीवाली पोरं' असं नामकरण केलं आणि आपलं योगदान संपलं असं मानलं.

मॅडमची मागण्याची रीत मी मागच्या खुर्चीवरून पुष्कळ पाहिली. त्या ज्याच्या त्याच्या भाषेत मागत. लिंगायत दुकानदाराशी कन्नड, मोटार रिवाइंडिंगवाल्या रऊफभाईंशी दखनी, शेतकऱ्याशी आमची ही अशी मराठी. "माणसाच्या भाषेत मागितलं की त्याला न्हाई म्हणायला शब्द सापडत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. दुसरी रीत जास्त चमत्कारिक होती. त्या कोणाचे आभार मानत नसत. पैसे दिलेला माणूस वाट बघत उभा राही आणि मॅडम "बरं, येते मी" म्हणून निघून जात. मला लाज वाटे. मी मागे राहून दोन शब्द पुटपुटलो तर गाडीत बोलणी बसत. "आभार मानले की माणूस मोकळा झाला, सर. त्याला कामून मोकळं करायलाव? अजून कामं पडलीत त्याच्याकडं."

संतपूरच्या शिवराजअण्णांकडे आम्ही पहिल्यांदा गेलो तो प्रसंग सांगतो. अण्णांची आडत, शिवाय बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. पांढरे कपडे, कपाळाला विभूती आणि बोलण्यात चार आणे कन्नड, बारा आणे मराठी. मॅडमनी पर्समधून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तुरीचं वाळकं खोड काढलं, दाढीच्या पात्याने उभं चिरलं आणि अण्णांच्या गादीवर ठेवलं. आत तळापासून वरपर्यंत काळपट तपकिरी रेघ गेलेली होती.

"मर हाय," अण्णा म्हणाले. "हे मला कामून दाखवायलाव? असली खोडं घेऊन रोज लोक येत्यात माझ्याकडं."

"रोज येत्यात म्हणूनच तुमच्याकडं आले. तुम्ही औषध देत असाल की त्यांना."

"देतो की."

"त्यानं मर गेली?"

अण्णांनी खोड उचलून बघितलं, परत ठेवलं, पोराला चहा सांगितला. मॅडमनी चहा पैशाचं बोलणं होईपर्यंत हातात धरून ठेवला. होकार आल्यावर निवलेला चहा एका घोटात पिऊन त्या उठल्या. अण्णांना मात्र ते खोड गादीवरून उचलून फेकता येईना. आम्ही गाडीत बसलो तरी ते त्याच्याकडेच बघत होते.

रऊफभाईंचा मामला सोपा होता. "मॅडम, मेरेकू ये बुरशी-उरशी कुछ नै समझता. कुछ मशीन बिगड्या क्या, वो बोलो." प्रयोगशाळेतला फ्रिज बंद पडून त्यात जुने पेपर ठेवायची पद्धत पडली होती. रऊफभाईंनी तो चालू केला आणि तेव्हापासून ते स्वतःला संशोधनातले भागीदार समजू लागले. बाकीची मोठी सामग्री कलबुर्गीच्या देशमुख साहेबांनी दिली. हे निवृत्त इंजिनियर. आईच्या नावाने त्यांचा छोटा ट्रस्ट होता. स्वभावाने मऊ, बोलणं नेमस्त, फक्त वर्षाच्या शेवटी ट्रस्टच्या बैठकीपुढे ठेवायला त्यांना निकाल लागायचा. यंदाचा निकाल बघून पुढच्या वर्षाचं ठरवू, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

कुकरांची गोष्ट इथेच येते. बुरशी वाढवायला शिजवून निर्जंतुक केलेली ज्वारी लागते आणि त्याला मोठी यंत्रं असतात. ती घ्यायची तर ट्रस्टही बुडाला असता. मॅडमनी विचार केला की आपल्या भागात असं एकही घर नाही जिथे माळ्यावर लग्नाच्या आहेरात आलेला एखादा न उघडलेला कुकर पडलेला नाही. त्या घरोघर गेल्या. बायकांनी आधी नाकं मुरडली, मग माळे उघडले. आठवडाभरात आमची प्रयोगशाळा लग्नघरासारखी दिसू लागली. प्रत्येक कुकरवर नवरानवरीची नावं कोरलेली. मुलं त्या नावांनीच बोलायची. "संगीता-राजकुमारची ज्वारी लई छान भरली," गटातली अश्विनी एकदा वर्गात येऊन सांगत होती, "पण महानंदा-बसवराजला काळी बुरशी लागली, ते फेकावं लागतंय." त्यातली महानंदा आमच्या ऑफिसातल्या क्लार्कची बायको होती. तो दिवसभर गप्प होता.

अश्विनी बिराजदार ही त्या गटाची पुढारी. दुसऱ्या वर्षाला होती. काटक, भांडखोर, आणि मॅडमना उलटून विचारणारी एकटीच. बेंगळूरला जायचं म्हणून तिने वर्षभर आधी घरी भांडून घेतलं होतं.

कोरलेल्या नावांवरूनच मॅडमच्या डोक्यात ती कल्पना आली. देणगीदारांना काही तरी द्यायला हवं होतं. फलकावर नाव, शाल-नारळ यात त्यांना रस नव्हता. त्यांनी ठरवलं की वावरात प्रत्येक देणगीदाराच्या नावाची तुरीची एक ओळ असेल, ओळीच्या तोंडाशी त्याच्या नावाची पाटी. म्हणजे तो येता-जाता आपल्या ओळीकडे बघेल, मर लागली की जीव तुटेल, आणि शेवटी ओळीतली मेलेली झाडं तो स्वतःच्या हाताने चिरेल. आतली रेघ एकदा स्वतः बघितली की माणूस पुढच्या वर्षी न मागता देतो, असा त्यांचा हिशोब. वावर दिलं संतपूरच्या माणिकअप्पांनी. रस्त्याला लागून, मर लागायचं म्हणून तालुक्यात नावाजलेलं. अप्पा सत्तरीचे. डोक्याला रुमाल, बोलणं थोडं आणि पाहुण्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या आल्याशिवाय एक शब्द बोलायचे नाहीत. वावराचं भाडं विचारलं तर ते दुखावले होते.

अर्ध्या ओळींना बुरशीची ज्वारी घालायची होती, अर्ध्या तशाच ठेवायच्या. कोणत्या ओळीला काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. शिवराजअण्णांच्या ओळीला काही नाही अशी चिठ्ठी निघाली. अण्णा तणतणत कॉलेजात आले.

"पैसे म्या द्यायचे आन् औषध दुसऱ्याच्या ओळीला?"

"अण्णा, तुमच्या ओळीला काही घातलं न्हाई, तवाच तर दुसऱ्याच्या ओळीचं कळणार. न घातलेली ओळ बी तेवढ्याच कामाची."

"मग तुमच्या नावाची ओळ कोणती हाय?"

"माझी न्हाई. मी कुठं पैसे दिलेत?"

अण्णा न पटताच परत गेले. दसरा झाला, फुलं लागली आणि त्यांची ओळ वाळायला लागली. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस पाटी वाचायचा, खालची तूर बघायचा आणि दुकानात जाऊन अण्णांना सांगायचा. जिल्हा परिषदेला हरल्यावरही त्यांची एवढी चर्चा झाली नव्हती.

चिरायचा दिवस मॅडमनी येळवशीचा धरला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे गावात माणूस राहत नाही. सगळे आपापल्या वावरात जातात, कडब्याची खोप करून पूजा करतात, आंबील, भज्जी आणि उंडे खातात आणि रस्त्याने जाणाऱ्या परक्यालाही हात धरून जेवायला बसवतात. देणगीदार असेही वावरातच असणार, माणिकअप्पा जेवू घालायला तयार, मग वेगळा कार्यक्रम कशाला? दर आठवड्याला मुलं मेलेली झाडं नुसती मोजत होती. चिरायचं काम मॅडमनी त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं, सगळ्यांच्या देखत व्हावं म्हणून. आणि खरा निकाल चिरण्यातच होता. तूर मरीने वाळते, मुळाशी पाणी साचून वाळते, किडीनेही वाळते. बाहेरून सगळी मढी सारखीच, आतली रेघ बघितल्याशिवाय कशाने मेलं ते कळत नाही.

येळवशीला सकाळी मी मुलांना आणि मॅडमना घेऊन संतपूरला गेलो. वावर बघून मला छान वाटलं. बांध झाडलेला, खोपीपुढे रांगोळी, ओळींच्या मधली माती भुसभुशीत केलेली, पाट्या धुऊन पुसलेल्या. अश्विनी उतरून पुढे पळाली आणि मधेच थांबली. ओळींमध्ये हिरवी झाडं होती आणि मोकळी जागा होती. वाळकं झाड एकही नव्हतं.

माणिकअप्पा धुतलेलं धोतर नेसून पुढे आले. "कसं झालंय, मॅडमक्का? परवाधरनं घरची समदी ह्यालाच लागली होती."

"अप्पा," अश्विनी म्हणाली, "वाळलेली झाडं कुठं हायत?"

"उपटली की."

"समदी?"

"समदी. सुकायलेली बी काढली. लोकाच्या नावाखाली मढी उभी ठिवू व्हय? येळवशीला पाहुणं यायलेत."

"आन् टाकली कुठं?"

अप्पांनी गावाकडे हात केला. घरी भज्जीच्या चुलीला सरपण लागलंच होतं.

आम्ही अप्पांना काय काय सांगून ठेवलं होतं ते मला आठवलं. फवारणी करू नका, खत टाकू नका, ओळी एकमेकींत मिसळू नका. त्यांनी सगळं अक्षरशः पाळलं होतं. मेलेलं झाड उपटू नका हे सांगायचं कोणाला सुचलं नव्हतं, कारण एरवी ते कोणी उपटत नाही, वाळलेलं असंच काढणीपर्यंत राहतं. पण एरवी त्याच्यापुढे पाहुण्याच्या नावाची पाटी नसते. मॅडमनी त्या मोकळ्या जागांवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी अप्पांना विचारलं, "तुम्ही जेवलाव का सकाळपास्नं?" अप्पा नाही म्हणाले. "मग आधी काय तरी खाऊन घ्या," असं म्हणून त्या खोपीकडे गेल्या.

दुपारी देणगीदार जमले. अप्पांच्या सुना पत्रावळी मांडायला लागल्या तेव्हा मॅडमनी त्यांना थांबवलं. जेवणाआधी बोलायचं आहे म्हणाल्या. जेवलेला माणूस मऊ होतो, त्याला काहीही गोड लागतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. सतरंजीवर बसूनच त्यांनी सांगितलं की मेलेली झाडं चिरण्याआधीच काढली गेली आहेत, तेव्हा यंदा निकाल नाही. आधी मराठीत, मग अण्णांकडे वळून कन्नडमध्ये, मग रऊफभाईंना दखनीत. कोणाला कळलं नाही असं व्हायला नको होतं त्यांना.

"पण काढली कोणी?" देशमुख साहेबांनी विचारलं.

"पाट्या लावायचं माझ्या डोक्यात आलं होतं, साहेब. नाव लावलं की माणसाला अब्रू येती. आन् अब्रूचं म्हटल्यावर जे वाळलंय ते झाकणारच की कोणी बी. हे मला आधी कळायला पायजे होतं."

माणिकअप्पा तांब्या हातात धरून मागे उभे होते. त्यांना आत्ता कुठे उमजत होतं. "म्या उपटली, साहेब," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्ही बसा. तुम्ही पाहुण्यांचा मान राखलाव. चूक माझी हाय."

अप्पा बसले नाहीत. तांब्या घेऊन तसेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी रांगोळीकडे बघत होतो.

देशमुख साहेब खरंच भला माणूस. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मुलांनी आठवड्याला मोजणी केलीय ना? मागच्या आठवड्यापर्यंतचे आकडे आहेत ना? तेच द्या. बैठकीत कोणी खोडं चिरून बघणार नाहीये."

अश्विनीने मान वर केली. आकडे तिच्या फोनमध्येच होते. बुरशी घातलेल्या ओळींमध्ये कमी झाडं मेली होती. ते आकडे दिले असते तर ट्रस्टचे पैसे, बेंगळूर, सगळं जागेवर होतं. आणि ते आकडे काही खोटेही नव्हते. आम्ही सगळे मॅडमकडे बघायला लागलो.

"किती मेली ते म्हाईत हाय, साहेब," मॅडम म्हणाल्या. "कशानं मेली ते न्हाई. अण्णांच्या बाजूला यंदा पाणी बी साचलं होतं. ती मरीनं गेली म्हणून लिहून दिलं, तर फुडल्या वर्षी कोणी तरी आमच्या भरवशावर आपल्या वावरात ही बुरशी घालील."

"मग मी बैठकीपुढे काय ठेवू?"

"जे झालंय तेच ठिवा."

साहेबांनी खेदाने मान हलवली. नंतर ते पोटभर जेवले, भज्जीचं कौतुक केलं, अप्पांच्या नातवाला खाऊला पैसे दिले आणि गेले. ट्रस्टने पुढच्या वर्षी दुसरं काम घेतलं. बेंगळूर राहिलं. परतताना अश्विनी मागच्या सीटवर रडत होती, हुंदके दाबून नाही, चांगलं मोकळं. मॅडम पुढे बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बरंच अंतर गेल्यावर म्हणाल्या, "रडून झालं की सांग. फुडल्या पेरणीचं बोलायचंय." मला ते फार कठोर वाटलं. नंतर शेजारी बघितलं तर त्यांचेही डोळे लाल होते.

पुढच्या वर्षीसाठी आम्ही पुन्हा दुकानं धरली. या वेळी दाखवायला काही नव्हतं आणि गावभर बभ्रा झालेला. रऊफभाई म्हणाले, "देता मैं. पर नाम नक्को लगाव, मॅडम." बाकीच्यांनी पाऊस बघू, बाजार बघू, असं सांगितलं. शिवराजअण्णांकडे मॅडम मुद्दाम गेल्या नाहीत. मृग जवळ आला तेव्हा अण्णाच कॉलेजात आले, स्टाफरूममध्ये मॅडमपुढे बसले आणि म्हणाले, "माझी ओळ मेली म्हणून आख्खं संतपूर हसलं. कशानं मेली ते तरी कळू द्या मला." पैसे देऊन झाल्यावर त्यांनी अट घातली की पुन्हा काही न घातलेलीच ओळ द्या, पण पाटी नको. मॅडम म्हणाल्या, चिठ्ठीत निघेल ते. अण्णांनी तेही मान्य केलं.

पेरणी झाली आणि मॅडमच्या बदलीचा हुकूम आला. कलबुर्गी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अफजलपूरकडे. त्या करजगीला खोली घेऊन राहू लागल्या. त्यांच्या जागेवर कोणी आलं नाही. गटाला मार्गदर्शक म्हणून कागदावर कोणाचं तरी नाव लागत होतं, ते माझं लागलं. इतिहासाचा माणूस बुरशीचा मार्गदर्शक झाला आणि मुलांनी मला कशालाही हात लावू दिला नाही. सगळं अश्विनीने सांभाळलं. ओळींना फक्त आकडे होते. माणिकअप्पांनी स्वतःहून बांधावर एक दगड ठेवून घेतला होता आणि त्याच्या पलीकडे ते पाऊल टाकत नसत.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्या वर्षीच्या येळवशीला. त्या पहाटेच्या बसने निघून तीन गाड्या बदलून दुपारी वावरात पोचल्या. बुटांवर धूळ, खांद्याला पर्स. सरळ ओळींकडे निघाल्या तशी अश्विनी आडवी आली.

"मॅडमक्का, तुम्ही बांधावर बसा."

"कामून गं?"

"तुम्हाला फरक पडलेला पायजे हाय. ज्याला पायजे हाय त्यानं मोजायचं न्हाई. तुम्हीच शिकवलंव."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या निमूटपणे वळल्या आणि माणिकअप्पांच्या शेजारी जाऊन बसल्या. अप्पांनी तांब्या पुढे केला. वावरात शिवराजअण्णा पांढऱ्या कपड्यांनिशी मातीत मांडी घालून खोडं चिरत होते. रऊफभाई चष्मा वर करून रेघ बघत होते आणि मुलांना ओरडून सांगत होते. बांधावर मॅडमच्या हाताची बोटं सारखी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

उन्हं कलली तेव्हा अश्विनी आली. हातात काही नव्हतं. "फरक न्हाई, मॅडमक्का," ती म्हणाली. "घातलेल्या ओळी बी तेवढ्याच मरीनं गेल्या."

"समदी चिरलीस?"

"समदी. दोनदा मोजलं."

"मग तसंच लिही," मॅडम म्हणाल्या. डोळ्यातून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"म्हंजी दोन वर्सं वाया?" माणिकअप्पांनी विचारलं. मलाही त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. कोणावर ते सांगता येत नाही. आदल्या वर्षीचे आकडे दिले असते तर ही बाई आज बेंगळूरचा फोटो फ्रेम करून बसली असती.

त्या उठल्या आणि सांगायला अण्णांकडे गेल्या. मीही मागे गेलो. मॅडमनी कन्नडमध्ये सुरुवात केली तशी अण्णांनी हात वर केला. "म्हाईत हाय, मॅडम. मीच चिरली की." त्यांच्या धोतरावर माती होती, मांडीवर तपकिरी रेघांच्या खोडांचा भारा. ते समोरच्या ओळीकडे बघत होते. सगळी ओळ वाळलेली आणि मधेच दोन-चार झाडं शेंगांनी वाकलेली.

"मला हे सांगा," अण्णा म्हणाले. "आजूबाजूची समदी मेली, आन् ही कामून जगली?"

मॅडम अण्णांच्या समोर मातीत बसल्या, त्यातल्या एका झाडाची फांदी खाली ओढली आणि शेंग फोडून दाणे तळहातावर घेतले. अश्विनी येऊन वाकून बघू लागली. रऊफभाईही आले. ह्याचं बी वेगळं धरावं, ह्याच वावरात पेरून बघावं, त्याला किती वर्षं लागतील, असं बोलणं सुरू झालं, निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मी दोनदा बसची आठवण केली. कोणाचं लक्ष नव्हतं.

पैशाचा विषय त्या दिवशी मॅडमनी काढला नाही. तो अण्णांनी काढला.